टॅको, चिमटा आणि आमची आई: बेळगावातल्या शाकाहाऱ्यांनो, तुमचेही अनुभव सांगा

उन्हाळी_पापड | शनिवार, रात्री ११.२०

भाच्याचा वाढदिवस होता म्हणून आज टिळकवाडीकडच्या एका नव्या टॅकोच्या, म्हणजे मेक्सिकन खाण्याच्या, दुकानात गेलो. नाव देत नाही. चार पोरांनी मिळून काढलंय, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. खरं झालं ते सांगितल्याशिवाय झोप लागायची नाही.

बाहेर बोर्ड कन्नडात, आत मेनू इंग्रजीत, ऑर्डर घेणारा पोरगा हिंदीत, तव्यावरचे दोघं आपसांत कन्नडात आणि आमची आई सगळ्यांशी मराठीत. आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही, त्यामुळं बाहेर जेवायचं म्हटलं की आधी उलटतपासणी. राजमा विचारला. "वेज है आंटी." (मी छत्तीसची आहे. असो.) भात विचारला. "वेज है." म्हटलं, नक्की? त्यात वरून काही घालत नाही ना? त्यानं मान मागं वळवून विचारलं आणि आतून उत्तर आलं, "चिकन पावडर अष्टे री!"

अष्टे. म्हणजे तेवढंच. फक्त.

पोरगा आमच्याकडं इतक्या निरागसपणे बघत होता की रागवावं कसं कळेना. त्याच्या हिशेबानं पीस नाही म्हणजे वेज. भाताला काट मारली. मग राजम्याच्या डब्याचं झाकण उघडून बघायला लावलं, तो निघाला नुसता कांदा-टोमॅटोचा. दोन प्लेट पनीर टॅको सांगितले. आणि बसल्या जागेवरून दिसलं की ज्या चिमट्यानं चिकन उलटलं त्याच चिमट्यानं आमचं पनीर उलटलं. उठले, सांगितलं. त्यांनी ते बाजूला काढलं, दुसरं केलं, नवीन चिमटा घेतला. तोंड वाकडं केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

आता टॅको. ते कडक, वाकवलेलं मक्याचं टरफल. भाचा म्हणाला, आजी, मान तिरकी करून खायचं. आईनं मान तिरकी केली, एक घास घेतला, टरफल मधोमध मोडलं आणि निम्मा राजमा इरकलच्या पदरावर. दुसऱ्याला तिनं तोंडच लावलं नाही. ताटलीत ठेवलं, मुठीनं चुरलं, वर राजमा, कोबी आणि ती लाल चटणी ओढून घेतली आणि कडक भाकरी उसळीत कुस्करतात तसं पाच बोटांनी कालवून खाल्लं. शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअरिंगच्या पोरी बघत होत्या. आई म्हणाली, "चांगलं आहे की. उगंच उभं करून देतात."

माझी खरी तक्रार चिमट्याची नाहीच. मेनूत १४ टॅको, त्यातले वेज ३: पनीर, मश्रूम आणि सोया. तिन्ही म्हणजे चिकन उचललं आणि त्या जागी दुसरं काहीतरी ठेवलं. रस्त्यातला खड्डा मुरमानं बुजवावा तसं. शाकाहारी ताट म्हणजे मटण वजा ताट, असंच धरून चालतात का हे? राजमा, मका, मिरची ही सगळी मंडळी तिथं हजर होती, खरं कुणी त्यांना मुख्य पाटावर बसवलं नव्हतं.

तुम्ही गेलाय का अशा ठिकाणी? काय मागवता? काय विचारता?

खडेबाजारचा_वाघ | शनिवार, रात्री ११.४१

पापडताई, शाकाहारी माणसानं टॅको खायला जाणं म्हणजे एकादशीला मटण मार्केटात फराळ शोधणं. आईंना मात्र दंडवत. उभं करून देतात, हे बाकी खरं आहे.

निपाणी_नाका | रविवार, सकाळी ६.१५

उन्हाळी_पापड, तुमचं वाचून मला लिंगायत खानावळी आठवल्या. मी नोकरीनिमित्त बागलकोट, गदग, विजापूर अशी बरीच वर्षं काढली. कुठल्याही बसस्टँडबाहेर "लिंगायत खानावळ" अशी पाटी दिसली की डोळे मिटून आत शिरायचं. तिथं वेज आहे का, असा प्रश्नच उद्भवत नाही. ज्वारीची भाकरी, येण्णगाई (भरली वांगी), एखादी मोडाची उसळ, शेंगाचटणी, गुरेळ्ळाची म्हणजे कारळ्याची चटणी, वर दह्याचा गोळा. वाढणारी बाई नको म्हटलं तरी आणखी एक भाकरी टाकणार. जेवणाऱ्यानं काही विचारायचं नाही, तिनंच विचारायचं, "साकेनु?" पुरे का?

तुमच्या त्या दुकानातल्या पोरांचा दोष मला कमी वाटतो. पन्नास वर्षांपूर्वी आमच्याकडं हॉटेलं सरळ दोन प्रकारची होती. एकात मटण शिजायचं, एकात नाही. एकाच तव्यावर दोन्ही, हा प्रकार नंतरचा. त्यामुळं विचारायची सवय ना आपल्याला, ना सांगायची त्यांना.

परत_आलेला | रविवार, सकाळी ९.०२

खानापूरचा आहे, टेक्सासात सहा वर्षं काढून परत आलोय. आम्ही तीन शाकाहारी मराठी पोरं एका खोलीत राहायचो आणि आठवड्यातून दोनदा टॅको खायचो, कारण स्वस्त आणि तिखट असं दुसरं काही मिळायचं नाही. पहिले चार महिने आम्ही डुकराची चरबी खात होतो, हे पाचव्या महिन्यात कळलं.

झालं असं, की घोटलेला राजमा, ज्याला तिकडं फ्रिहोलेस रेफ्रितोस म्हणतात, तो पारंपरिक पद्धतीनं चरबीतच परततात. तिला मांतेका म्हणतात. शब्द लोण्यासारखा वाटतो, आम्ही लोणीच समजत होतो. लाल भात बऱ्याच ठिकाणी कोंबडीच्या पाण्यात शिजतो. गव्हाच्या मऊ तोर्तियातही (तोर्तिया म्हणजे त्यांची पातळ रोटी) जुन्या पद्धतीत चरबीचं मोहन असतं. म्हणजे वरून भाजीच भाजी आणि खाली सगळं गडबड. मक्याची तोर्तिया मात्र मका, चुना आणि पाणी, बस. ती डोळे झाकून खावी.

"सिन कार्ने" म्हणजे बिनमांसाचं, असं पाठ करून गेलात तरी फसाल. कार्ने म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढं गाईचं मांस येतं, त्यामुळं बिनकार्नेच्या ताटात कोंबडी किंवा हॅमचे तुकडे निघू शकतात. आम्ही शेवटी यादीच म्हणायचो: गाय नको, डुक्कर नको, कोंबडी नको, मासा नको, चरबी नको, रस्साही नको. काउंटरवरची एक आजीबाई म्हणाली होती, मग पोरांनो तुम्ही जगता कशावर? आणि स्वतःच आत जाऊन मडक्यात नुसतं कांदा-मीठ घालून शिजवलेल्या शेंगदाण्याएवढ्या राजम्याचा वाडगा घेऊन आली. फ्रिहोलेस दे ला ओया, म्हणजे मडक्यातला राजमा. त्यानंतर आम्ही तिचंच गिऱ्हाईक झालो.

पापडताईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मेक्सिकोत वेज टॅको म्हणजे पनीर नव्हे. बटाट्याचा टॅको आहे, भाजलेल्या मिरच्यांच्या पट्ट्या साईत घोळवून करतात त्याला राहास म्हणतात, लाल भोपळ्याच्या फुलांचा आहे, फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पानांचा आहे, आणि मक्याच्या कणसावर काणी येते ना, ती काळी बुरशी, तिचासुद्धा आहे. हुइतलाकोचे म्हणतात, भारी मानाचा पदार्थ. आपल्याकडं शेतकरी ते कणीस उपटून टाकतो.

आणि ते उभं, कडक टरफल मेक्सिकोच्या रस्त्यावर फारसं दिसत नाही, ती अमेरिकेची वळणं. टरफलं वाकवून तळायच्या साच्याचं पेटंट १९५० साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलवाल्याला मिळालं. पुढं १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेन बेलनं टॅको बेल हे हॉटेल काढलं आणि जगाला टॅको म्हणजे हेच वाटायला लागलं. खरा टॅको मऊ असतो. तळहाताएवढी गरम तोर्तिया, दुमडायची, वर लिंबू पिळायचं, उभ्या उभ्या संपवायचं. पदराला काही होत नाही :)

खडेबाजारचा_वाघ | रविवार, सकाळी ९.२०

चार महिने चरबी. आणि आम्हाला गुरुवारी मटण खाल्लं म्हणून बोलणी बसतात.

सदलग्याची_लेक | रविवार, दुपारी १.३५

पापडताई, तुमचं बरं आहे हो. आमच्याकडं कांदा, लसूण, बटाटा काहीच नाही. टॅकोच्या दुकानात मी मेनू वाचत नाही, नुसती वजाबाकी करते. साल्सात, म्हणजे त्या लाल चटणीत, कांदा. राजम्यात कांदा-लसूण. पनीरच्या मॅरिनेशनमध्ये लसूण. मश्रूम आम्हाला चालत नाही. खाली उरतं काय, तर टरफल, कोबी, चीज आणि टोमॅटो. एकदा मी तेवढंच मागितलं तर पैसे मात्र पूर्ण टॅकोचे.

आणि गंमत पुढं आहे. घरी आजी-आजोबा चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. ही सगळी दुकानं उघडतात संध्याकाळी साडेपाच-सहाला. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. म्हणजे आजींना टॅको खायचा तर शटर वर जायच्या आधी दारात उभं राहायला हवं, दूध केंद्रावर राहतात तसं.

तवा_नंबर_दोन | रविवार, रात्री १२.१०

उशिरा लिहितोय, आत्ता सुटलो. तीन वर्षं पुण्यात किचनला होतो, आता इकडंच एका हॉटेलात आहे (टॅकोचं नव्हे). आतली बाजू सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी नेमकं विचारता येईल.

"वेज आहे का?" हा प्रश्नच विचारू नका. त्याचं उत्तर कायम "हो" असतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, काउंटरवरच्या पोराला मेनूवरचा हिरवा ठिपका दिसतो, आतला डबा दिसत नाही. विचारायचं ते असं: यात काय काय पडतं? पाणी घालता की स्टॉक (हाडं उकळलेलं पाणी)? पावडर कुठली? पावडरीचं पाकीट दाखवा. पाकिटावर ठिपका असतोच. हिरवा गोल म्हणजे वेज. नॉनवेजला पूर्वी तपकिरी गोल असायचा, आता तपकिरी त्रिकोण येतो. पाकीट खोटं बोलत नाही, आणि कुठला आचारी पाकीट दाखवायला नाही म्हणाला तर तिथून सरळ उठा.

चिकन पावडर हा तर लई मोठा घोळ. ती मिठासारखी वापरतात. भातात, सूपमध्ये, मक्याच्या दाण्यांवर. कुणी ती मांस म्हणून मोजतच नाही, मसाल्याच्या फळीवर ठेवतात. तुमच्या त्या पोरानं "अष्टे" म्हटलं ते अगदी मनापासून म्हटलं असणार.

मग तळण. लहान दुकानात फ्रायर एकच असतो. नाचोज, फ्राइज, टॅकोची टरफलं आणि कोंबडीच्या पट्ट्या एकाच तेलात. टरफलं तयार खोक्यातून येतात, ती स्वतः शुद्ध मक्याची असतात, खरं वाढायच्या आधी कुरकुरीत करायला पुन्हा त्याच तेलात एक डुबकी. ज्यांना हे चालत नाही त्यांनी "तव्यावर गरम करून द्या, तेलात नको" एवढं सांगायचं. काही अवघड नाही ते.

चीजचं: दूध फाडायला पूर्वापार वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये ते नसतं, सूक्ष्मजीवांपासून केलेलं असतं. बाहेरदेशी चीज असेल तर मात्र वाचून घ्या. मेयोनीज अंड्याचं आणि बिनअंड्याचं दोन्ही मिळतं, आपल्या भागात बहुतेक ठिकाणी बिनअंड्याचंच आणतात, कारण तेच दोघांना चालतं.

चिमटा. यावर मी मालकांशी भांडलोय. लाल दांड्याचा नॉनवेजला आणि हिरव्या दांड्याचा वेजला, दोनशे रुपयांचं काम आहे. पहिल्या तासात सगळं नीट चालतं. शनिवारी आठ वाजता ३० ऑर्डरी लागल्या की हाताला जो चिमटा लागेल तो. म्हणून तुम्हाला पाळायचंच असेल तर दुकान उघडल्या उघडल्या जा. तवा स्वच्छ, तेल ताजं आणि आचाऱ्याचं डोकं पण ताजं.

गोविनजोळ | सोमवार, सकाळी ७.५०

आमचं हुक्केरीकडं चार एकर हाय. निम्मा ऊस, निम्मा मका. आमच्यात मक्याला गोविनजोळ म्हणत्यात. गोवु म्हणजे गाय, जोळ म्हणजे ज्वारी. गाईची ज्वारी. म्हणजे बघा, नावातच सांगून ठेवलंय की हे माणसाचं खाणं न्हवं. आमच्या आज्ज्यानं कवा मक्याची भाकरी खाल्ली न्हाई. हुरड्याला कोवळं कणीस भाजून खायाचं तेवढंच.

आमचा माल व्यापाऱ्याकडनं बहुतेक कोंबडीच्या खाद्याला जातो, न्हाईतर स्टार्चच्या कारखान्याला. तवा हिशेब असा झाला, आमचा मका कोंबडी खाती, कोंबडी टॅकोत जाती, टॅकोचं टरफल परत मक्याचं, आणि ते खोकं कुठनं येतंय कुणास ठाऊक. बेळगावात बसून ५० किलोमीटरवरला मका खायाला एवढी परदक्षिणा.

परत_आलेला यास्नी एक इचारतो. मका-चुना-पाणी म्हणालासा. चुना कशाला? पानातला का?

परत_आलेला | सोमवार, सकाळी ८.३०

होय दादा, तोच. पानातला विझवलेला चुना. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, मग चोळून धुतात. वरचं साल सुटतं, पीठ चिकट होतं, लाटता येतं. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी कडेनं फाटते, तुमच्या घरी विचारून बघा. अशा मक्याला निश्तामाल म्हणतात, पद्धत हजारो वर्षं जुनी आहे.

दुसरं कारण जास्त मोठं. मक्यातलं नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, असं बांधलेलं असतं की पोटाला मिळत नाही. चुन्यानं ते सुटं होतं. कोलंबसानंतर युरोपनं मका नेला, चुना तिथंच ठेवून आले. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या इटलीतल्या गरिबांना आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या लोकांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, जुलाब, शेवटी वेड लागायचं. मेक्सिकोतल्या बायकांनी चुना कधी सोडला नाही.

शंकासुर | सोमवार, सकाळी ११.१५

धागा चांगला चाललाय, त्यात मिठाचा खडा टाकतो. आता थोड्या वेळात कुणीतरी येऊन म्हणणार, टॅको म्हणजे आपली भाकरी-उसळ-ठेचाच की हो. पापडताईंच्या आईनी तर सुरुवात केलीच आहे. जगात काहीही दिसलं की "हे आपल्याकडं होतंच" म्हणायची आपली जुनी खोड.

उलटं आहे. मिरची तिकडची. टोमॅटो, बटाटा, मका, राजमा, लाल भोपळा, भुईमूग, पेरू, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात उतरवली आणि ती चोर्ला-रामघाट चढून वर आली असेल तर बेळगाव तिच्या वाटेवरच पडतं. ज्या ठेच्याचा आपण टेंभा मिरवतो तो मेक्सिकोचा पाहुणा आहे. निपाणीची तंबाखूही त्याच बोटीतली. तेव्हा टॅको आपला नाही, आपलं ताट त्यांचं आहे, असं म्हणा. चालेल का?

निपाणी_नाका | सोमवार, दुपारी १२.०५

शंकासुरा, चालेल. पण ज्वारी ठेव आमच्याकडं.

शंकासुर | सोमवार, दुपारी १२.११

काका, ज्वारी आफ्रिकेतून आली.

निपाणी_नाका | सोमवार, दुपारी १२.४०

मग मी जेवायला उठतो.

व्यवस्थापक | सोमवार, दुपारी ३.००

बोर्डांची भाषा या विषयावरचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. सीमाप्रश्न तिथं, टॅको इथं.

उन्हाळी_पापड | गुरुवार, रात्री १०.२५

चार दिवस आले नाही कारण चुन्याच्या मागं लागले होते.

पहिला प्रयत्न: अर्धा किलो सुका मका, त्याचा शंभरावा भाग म्हणजे पाच ग्रॅम कोरडा चुना, दीड लिटर पाणी. घातलं जर्मनच्या पातेल्यात. तासाभरानं पातेलं आतून काळंकुट्ट आणि पाणी राखाडी. चुना अॅल्युमिनियम खातो, हे आईला माहीत होतं, मी विचारलं नव्हतं. सगळं ओतून दिलं.

दुसरा: स्टीलचं पातेलं. अर्धा तास उकळलं, रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी पाणी पिवळं आणि साल हाताला बुळबुळीत लागत होतं, म्हटलं जमलं. चार पाण्यांनी चोळून धुतलं, मिक्सरला लावलं. पातं फिरेना म्हणून पाणी घातलं, आणखी घातलं, झालं थालीपीठ लावण्यासारखं. वर दाणा आत कच्चा. आपला मका बहुधा जास्त कठीण असतो, तासभर तरी शिजायला हवा. त्याची धिरडी घालून संपवली. भाचा म्हणाला टॅको कुठाय, त्याला म्हटलं गप खा.

तिसऱ्या वेळी तास-सव्वातास शिजवलं, आणि आईनं पाटा काढला. आमचा पाटा चार वर्षांनी उभा सोडून आडवा झाला. आई म्हणाली मिक्सरला पाणी लागतं, पाट्याला हात लागतो. (मेक्सिकोतही असाच दगड असतो, मेताते म्हणतात, त्याला तीन पाय. शंकासुरांनी रागावू नये, मी फक्त दगड म्हणाले.) पीठ असं आलं की उंडा करून दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवला, वर पोळपाट दाबला आणि गोल तळहाताएवढी पातळ तोर्तिया निघाली. तापल्या लोखंडी तव्यावर तिसऱ्यांदा उलटली तेव्हा फुगली. वास मात्र आपल्या कुठल्याच भाकरीचा नाही. ओल्या मातीचा आणि पानाच्या डब्याचा मिळून असतो तसा काहीसा. तो वास आपल्याकडं "होताच" असं मी म्हणणार नाही.

आत काय भरलं: वाघ्या घेवडा. साताऱ्याकडून माझी नणंद आणते, कोरेगावचा, ठिपक्याठिपक्यांचा. मडक्यात नुसतं पाणी, मीठ, अर्धा कांदा. निम्मा डावानं ठेचून थोड्या तेलात परतला, चरबीची गरज अजिबात भासली नाही. साल्साला तव्यावर काळे होईपर्यंत भाजलेले टोमॅटो, चार संकेश्वरी मिरच्या भिजवून, रंगाला दोन ब्याडगी, मीठ, खलबत्त्यात ठेचलं. वर कोथिंबीर, लिंबू. बाजारात लाल भोपळ्याची फुलं मिळाली ती चिरून मिरचीवर परतली, तो दुसरा टॅको. पनीर नाही. चीज नाही. कुणाच्या जागी कुणी नाही.

आईनं तीन खाल्ले, मोडून नव्हे, दुमडून. मग म्हणाली, "ज्वारीची केली असती तर एवढा उपद्व्याप लागला नसता. आदणाचं पाणी घातलं की झालं." तेही खरं.

सदलग्याची_लेक, तुझ्यासाठी घेवडा कांदा न घालता, हिंग-जिरं घालून केला होता एका वाटीत. चव कमी नाही. उलट घेवड्याची कळते.

गोविनजोळ | गुरुवार, रात्री १०.५५

ताई, पाच किलो मका पाठवून देतो, एसटी... आपलं, कर्नाटकाच्या बसनं. कोंबडीच्या आधी तुमाला.

शंकासुर | शुक्रवार, सकाळी ९.४०

"कुणाच्या जागी कुणी नाही" हे आवडलं. बाकी दगडाबद्दल रागावलेलो नाही.

तवा_नंबर_दोन | शुक्रवार, दुपारी ३.३०

ताई, हे त्या पोरांना जाऊन सांगा की. धंद्याच्या बाजूनं सांगतो, पनीर महाग, घेवडा स्वस्त. राजम्याच्या टॅकोत मार्जिन जास्त. नुसतं "शाकाहाऱ्यांवर अन्याय" म्हणालात तर मान डोलावतील. मार्जिन म्हणालात तर वही काढतील.

उन्हाळी_पापड | रविवार, सकाळी ८.१०

तवा भाऊ, काल गेले होते, साडेपाचला, शटर वर जाताना. डब्यात घेवडा आणि साल्सा घेऊन. मालक पोरगा अनगोळचाच निघाला, मराठीतच बोलला. मागच्या वेळी मी उगाच हिंदीत तोंड वेंगाडत होते. त्यानं चाखलं, आतल्या दोघांना चाखवलं. चिकन पावडर म्हणणाऱ्यानं दोनदा घेतलं. भातात आता पावडर घालत नाही म्हणाला, कारण माझ्यानंतर आणखी दोन जणांनी विचारलं (तुमच्यापैकीच कुणी असाल तर हात वर करा). राजमा टॅको पुढच्या महिन्यापासून ठेवून बघतो म्हणाला. तोर्तिया घरी करणं परवडणार नाही, टरफल खोक्यातलंच राहणार, त्यावर मी वाद घातला नाही. तीन वेळा पाटा धुतलाय मी.

चिमट्यांना त्यानं रंगीत टेप गुंडाळलीय. हिरवी वेज, लाल नॉनवेज. बघू शनिवारी आठ वाजता काय होतं.

येत्या रविवारी कट्टा करायचा का तिथं? साडेपाचला. सदलग्याची_लेक, आजींना घेऊन ये, सूर्य पावणेसातपर्यंत असतो आता.

सदलग्याची_लेक | रविवार, सकाळी ८.४४

आजी विचारते, मोडून खाल्लं तर चालेल का?

उन्हाळी_पापड | रविवार, सकाळी ८.४६

आमच्या आईशेजारी बसव त्यांना.

खडेबाजारचा_वाघ | रविवार, सकाळी ९.०५

मी येतो. चिकनच खाणार, आधीच सांगतो. खरं माझ्या चिकनला तो हिरवा चिमटा लागलेला चालणार नाही हं. आम्हालाही काही पाळणूक आहे.